बंदुकीबद्दल विचारायचं होतं...

मागच्या अंकात दुधाळीच्या शूटिंग रेंजबद्दल चार ओळी आल्या आणि तेव्हापासून पत्रं आणि मेसेज थांबायचं नाव घेईनात. पालक आहेत, कॉलेजची पोरं आहेत, शेतकरी आहेत, आणि दोन-तीन पत्रं तर अशी आहेत की वाचल्यावर लगेच फोनच करावासा वाटला. कोल्हापूरला नेमबाजी नवीन नाही. तेजस्विनी सावंतनं 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराची, वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, राही सरनोबतनं 2018 ला जकार्ता एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड आणलं आणि 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमधनं ऑलिंपिक ब्राँझ आणलं. तरीपण बंदूक म्हणजे नक्की काय, ती हातात कशी घ्यायची, घरात असली तर काय करायचं हे आपल्याकडं कुणी बसून सांगत नाही, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे, 11 वर्षांची. स्वप्नीलची मिरवणूक बघितल्यापासनं रायफल पायजे म्हणून मागं लागलीय. एअर रायफल घेऊन द्यावी का? किती वयापासून शिकवतात? (एक आई, मंगळवार पेठ)

उत्तर: ताई, घेऊन देऊ नका, निदान आत्ता तरी नको. मॅचची चांगली एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते आणि पोरीला रायफल झेपते का पिस्तूल हे कळायलाच काही महिने जातात. रेंजवर क्लबची हत्यारं असतात, त्यावर सुरुवात होते. वयाचं म्हणाल तर 12 पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकायला घेतात, तोवर वर्षभर पोहणं, पळणं, योगासनं, दोरीवरच्या उड्या असं काहीतरी चालू ठेवा. 10 मीटरच्या रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, बहुतेकांची चार-साडेचारच्या पुढंच असते, ती उभ्यानं धरून 75 मिनिटांत 60 गोळ्या मारायच्या म्हणजे कंबर आणि पाठ पक्की पायजे. लहान पोरांना आम्ही आधी स्टँडवर टेकवून मारायला देतो, नळीचा भार स्टँड घेतो आणि पोरगं फक्त नेम आणि ट्रिगर शिकतं. ज्या रेंजवर पहिल्याच दिवशी जाकीट चढवून पोरीला रायफल उचलायला लावतील तिथं जरा विचारपूस करा.

आणि एक बघून ठेवा, तिचा जोरकस डोळा कुठला आहे. दोन्ही हात लांब करून पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी फट करायची, त्या फटीतनं भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीत राहतं तो जोरकस. उजव्या हाताचं पोरगं आणि डावा डोळा जोरकस असं बऱ्याचदा निघतं, ते पहिल्याच आठवड्यात कळलं तर बरं, सहा महिने सवय लागल्यावर बदलायचं म्हटलं की पोरं रडकुंडीला येतात.

तिला एक गोष्ट दाखवा. साधी बॉलपेन घ्या आणि कागदावर टोक नुसतं टेकवून उचला. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर जो दहाचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे त्या शाईच्या खुणेएवढाच. पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची बारीक गोळी, साडेचार मिलिमीटरचं असतं, त्यामुळं पेलेटची कड त्या ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. आता मोजणी दशांशात होते, एका गोळीला जास्तीत जास्त 10.9. हे बघूनसुद्धा पोरगी म्हणाली की मला जायचंच आहे, तर घेऊन या.

प्रश्न: सर, रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, बारा बोअर यात फरक काय? आणि पॉइंट टू टू म्हणजे काय? मित्रांत रोज वाद होतोय. (बीएस्सीचा विद्यार्थी, कसबा बावडा)

उत्तर: मित्रा, वाद मिटवायचा तर नळीच्या आत काय आहे तिथनं सुरू कर. रायफलच्या आणि पिस्तुलाच्या नळीत आतून पिळाचे आटे पाडलेले असतात. गोळी त्या आट्यांतनं दाबून जाते तेव्हा स्वतःभोवती फिरायला लागते आणि फिरणारी वस्तू सहजासहजी कोलमडत नाही, भोवरा जसा जोरात फिरताना ताठ उभा राहतो तसं. म्हणून रायफलची गोळी लांबवर सरळ जाते. बारा बोअरची नळी आतनं गुळगुळीत, कारण त्यातनं एक गोळी नाही तर मूठभर छर्रे जातात, ते पुढं जाऊन पसरतात. ट्रॅप आणि स्कीटमध्ये उडत्या मातीच्या तबकड्या फोडायला हीच वापरतात. आपल्याकडं जुन्या घरांत जी दुनळी असते ती बहुतेक बारा बोअरचीच.

आता आकडे. पॉइंट टू टू म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातल्या बावीस भागांएवढा नळीचा व्यास, साधारण 5.6 मिलिमीटर. स्वप्नीलची 50 मीटरची रायफल याच बोअरची आणि राहीचं 25 मीटरचं पिस्तूलपण याच बोअरचं. एअर रायफल आणि एअर पिस्तूल दोन्ही पॉइंट वन सेव्हन सेव्हन, म्हणजे 4.5 मिलिमीटर. बारा बोअरचा हिशोब मात्र उलटा आहे, आणि इथंच पोरं चुकतात. त्या नळीत बरोबर बसेल असा शिशाचा गोळा घेतला तर असे बारा गोळे मिळून एक पौंड भरतो, म्हणून बारा. त्यामुळं सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते, मोठी नाही.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही हातात मावणारी, फरक गोळ्या ठेवायच्या जागेचा. रिव्हॉल्व्हरला फिरतं चक्र, त्यात पाच-सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. पिस्तुलाला मुठीत मॅगझिन म्हणजे काडतुसांची डबी, बार झाला की वरची स्लाइड मागं जाऊन रिकामं काडतूस बाहेर टाकते आणि येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत ढकलते. हे नीट डोक्यात ठेव कारण सगळ्यात जास्त अपघात इथंच होतात. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं लोकांना वाटतं, पण नळीत आधीच चढलेलं एक काडतूस तसंच राहतं. आणि कुणी क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर नळीतलं एक बाहेर पडतं खरं पण स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधनं नवीन आत चढवते आणि मग मॅगझिन काढून माणूस बिनधास्त होतो. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड मागं ओढून तिथंच अडकवायची, मग नळीच्या मागच्या घरात डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं.

काडतुसात काय होतं तेपण सांगतो. पितळी कवच, त्यात दारू, तोंडावर शिशाची गोळी आणि बुडाला ठिणगी देणारा मसाला. ट्रिगर दाबला की फायरिंग पिन बुडावर आदळते, मसाला पेटतो, दारूचा क्षणात गॅस होतो आणि तो गॅस गोळीला नळीतनं ढकलतो. पॉइंट टू टू मध्ये मसाला बुडाच्या कडेला गोल भरलेला असतो, मोठ्या काडतुसात मधोमध टोपी असते. एअर रायफलमध्ये दारूच नाही, सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा भरलेली असते, तीच पेलेटला ढकलते, सेकंदाला 170-175 मीटरच्या आसपास. म्हणजे आवाज कमी असला तरी खेळणं नाही.

प्रश्न: माझे सासरे चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटात दुनळी बंदूक आहे आणि एका डब्यात काडतुसं. दरवर्षी खंडेनवमीला ती पूजेला काढायचे. परवाना त्यांच्या नावावर होता. घरात कुणाला त्यातलं कळत नाही. पूजेपर्यंत तशीच ठेवू का? (गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर: ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर अंक निघायच्या आधीच कळवलंय, पण अशी घरं अजून बरीच आहेत म्हणून इथं परत लिहितो.

बंदुकीला हात लावू नका आणि घरातल्या पोरांना, पाहुण्यांना लावू देऊ नका. ती भरलेली नाही हे तुम्हाला माहीत नाही, मग ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं. कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्याजवळ. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत असेल तर चांगलंच, एकाच कपाटात असेल तर कुलपात राहू दे, हलवाहलव नको.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की त्या परवान्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही, ते जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडं जमा करायचं. तर पोलीस ठाण्यात जा, सोबत मृत्यूचा दाखला आणि सासऱ्यांचं परवान्याचं पुस्तक न्या, आणि सांगा की आम्हाला हत्यार जमा करायचंय पण हाताळता येत नाही, कुणीतरी माहितगार माणूस घरी पाठवा. बंदूक पिशवीत घालून रिक्षानं घेऊन जाऊ नका. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली बघून घ्या. नंतर घरातल्या कुणाला वारसा हक्कानं परवाना पायजे असेल तर तो माणूस जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करू शकतो. 2016 च्या शस्त्र नियमात वारसांसाठी तशी सोय आहे, आणि परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार 25 वर्षं जवळ असलं तर हयातीतसुद्धा वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. ज्यांच्या घरात आजोबा अजून आहेत त्यांनी हे आत्ताच बघा, नंतर सगळ्यांचीच धावपळ होते. नको असेल तर रीतसर विकता येतं किंवा सरकारजमा करता येतं. काडतुसं पंचगंगेत टाकायची नाहीत, कचऱ्यात तर अजिबात नाही.

आता खंडेनवमीचं. ज्यांच्याकडं चालू परवाना आहे त्यांनी पूजा जरूर करावी, ती आपली रीत आहे, पण पूजेला ठेवायच्या आधी दुनळी मोडून म्हणजे कळ सरकवून नळी खाली वाकवून दोन्ही घरं मोकळी आहेत हे बघायचं. भरलेली असेल तर काडतुसांची पितळी बुडं लगेच दिसतात, रिकामी असेल तर नळीतनं आरपार उजेड दिसतो. आणि पूजा तशीच नळी मोडलेल्या अवस्थेत करायची. हळदकुंकू वाहायला, फुलं घालायला काही अडचण येत नाही, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला लांबनंच दिसतं की बंदूक उघडी आहे. फोटोसाठी नातवाच्या हातात देऊन नळी समोरच्या माणसांवर रोखायची हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. ते थांबवायला घरातल्या मोठ्यांनी एकदा मोठ्यानं बोललं पायजे.

प्रश्न: आमच्या शिवारात गवे आणि रानडुकरं येतात. ऊस, भात काय राहत नाही. पीक संरक्षणाचा परवाना मिळतो म्हणतात. बंदूक घेतली तर गवा मारता येतो का? (शेतकरी, आजरा तालुका)

उत्तर: दादा, गवा मारता येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, बंदुकीचा परवाना असला तरी गव्यावर बार टाकला तर थेट जेल. शस्त्र परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गावोगावी लोक इथंच फसतात. पीक संरक्षणासाठी परवाना मिळतो हे खरं, कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा त्यासाठी वेगळा उल्लेखपण आहे, पण ती मुख्यतः आवाज करून जनावर हुसकवायला. रानडुकराच्या बाबतीत वन विभागाकडनं परवानगी घ्यायची पद्धत आहे, ती लेखी हातात असल्याशिवाय काही करू नका.

नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज टाका. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळत नाही ही तुमची तक्रार मला मान्य आहे, राधानगरी, चंदगड, गगनबावडा सगळीकडं तीच रड आहे आणि तुमचा राग रास्त आहे. पण रात्री उसाच्या फडात अंधारात हालचाल दिसली म्हणून बार टाकला आणि पलीकडं राखणीला बसलेला शेजारीच निघाला असं झालं तर ते कशानंच भरून निघत नाही. टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागं काय आहे हे दिसल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही, हा नियम रेंजवर जेवढा आहे त्याच्या दसपट शेतात आहे. साधी पॉइंट टू टू ची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटर जाऊ शकते, हे डोक्यात असू द्या.

प्रश्न: दुकानातली एअर गन घ्यायला परवाना लागतो का? आमच्या वाड्यात पारव्यांचा फार त्रास आहे. (वाचक, शुक्रवार पेठ)

उत्तर: पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरपर्यंतची आणि 20 जूलच्या आत ताकदीची एअर गन असेल तर परवाना लागत नाही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याच्या वरच्या ताकदीला किंवा मोठ्या बोअरला परवाना लागतो, तेव्हा दुकानदाराकडनं जूलचा आकडा बिलावर लिहून घ्या.

पारव्यांचं मात्र सोडून द्या काका, जाळी लावा. पेठेत घराला घर चिकटलेलं, समोरच्या गच्चीवर कोण वाळवण घालतंय, कुठलं पोरगं पतंग उडवतंय हे तुम्हाला खिडकीतनं दिसत नाही. पेलेट दगडावर आपटून उलटं येतं, आणि ज्याला डोळ्यात लागतं त्याचा डोळा जातो. घरी सराव करायचा असेल तर बंद खोली, मागं जाड लाकूड आणि त्यामागं लोखंडी पत्रा किंवा पेलेट अडकवणारा तयार ट्रॅप, आणि खोलीत दुसरं दार असेल तर ते आतनं कडी लावून बंद. डोळ्याला चष्मा.

प्रश्न: मी रोख रक्कम घेऊन फिरतो, रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायचाय. काय लागतं? (व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर: 21 वर्षं पूर्ण पायजेत. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळं अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, फॉर्म ए-1. पोलीस चौकशी होते, धोका नक्की काय आहे हे कागदावर दाखवावं लागतं. आणि शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं फॉर्म एस-1 प्रमाणपत्र लागतं, हे लोक विसरतात किंवा नुसती सही मिळते का बघतात. तसं करू नका, ते शिकून घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. सामान्य परवान्यावर साधारण पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळतं, 9 एमएम पोलीस आणि लष्कराचं बोअर. निवडणूक लागली की आदेशाप्रमाणं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं.

माझं मत विचाराल तर रोख रकमेचा प्रश्न आधी बँकेतनं सुटतो का बघा. रिव्हॉल्व्हर कमरेला असणं आणि चार माणसं अचानक अंगावर आली असताना ते वापरता येणं यात वर्षानुवर्षांच्या सरावाचं अंतर आहे, आणि ज्याला सराव नाही त्याचं हत्यार समोरच्याच्या हातात जातं. घरात लहान पोरं असतील तर लोखंडी तिजोरीशिवाय परवान्याचा विचारसुद्धा करू नका.

प्रश्न: मित्राच्या वरातीत एकानं हवेत बार काढले, दुसऱ्यानं कुणाचा तरी कट्टा घेऊन रील टाकली. नुसता फोटो काढला तर गुन्हा होतो का? (नाव नको, इचलकरंजी रोड)

उत्तर: होतो. बिनपरवाना हत्यार हातात असणं हाच गुन्हा, कुणाचं का असेना, दोन ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. रील म्हणजे तू स्वतः पोलिसांना दिलेला पुरावा. आणि वरातीत, मिरवणुकीत बेदरकारपणे बार काढणाऱ्याला परवाना असला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, 2019 पासून कायद्यात तसं कलमच घातलंय. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि कुणाच्या डोक्यावर ते ठरवता येत नाही. गावठी कट्ट्याचं तर विचारूच नकोस, पाण्याच्या पाइपची नळी असते, बऱ्याचदा चालवणाऱ्याच्याच हातात फुटते आणि बोटं जातात. तो कट्टा ज्याचा आहे त्याच्यापासनं लांब हो, आजच.

प्रश्न: मी वर्षभर एअर पिस्तूल मारतोय, उजव्या हातानं. गोळ्या सारख्या खाली डावीकडं जातात. साइट (नेम धरायची खूण) फिरवून बघितली, दोन दिवस बरं होतं आणि परत तेच. (नेमबाज, उचगाव)

उत्तर: साइट परत मधे आण आणि तिला हात लावू नकोस. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली डावीकडं जाते तेव्हा शंभरात नव्वद वेळा ट्रिगर झटक्यात ओढला जातोय. नेम बरोबर दिसला की मेंदू म्हणतो आत्ताच, आणि बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते, मनगट खाली जातं. तुझ्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असतो, मॅचच्या आधी वजन टांगून तपासतात, तेवढं वजन फक्त पहिल्या पेरानं, सरळ मागं, हळूहळू वाढवत न्यायचं. बाकीची चार बोटं ट्रिगरच्या आधी जेवढी घट्ट होती तेवढीच नंतर.

दुसरं म्हणजे हात हलतोय म्हणून तू घाबरतोस. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्याचापण. टार्गेटवरच्या काळ्या गोलात माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, जरा इकडं तिकडं फिरत असली तरी चालेल, पण माशी आणि मागची खाच एकमेकांशी बरोबर पायजेत, दोन्ही बाजूला सारखा उजेड, माथे एका रेषेत. नजर माशीवर, टार्गेट धूसर दिसलं पायजे. टार्गेट स्पष्ट दिसतंय म्हणजे नजर चुकीच्या जागी आहे. 10 मीटर पिस्तुलाचा दहाचा गोल 11.5 मिलिमीटरचा आहे, थोडं हलणं तो पोटात घेतो, पण माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर तीन सेंटिमीटरचा फरक पडतो.

आता महिनाभर असं कर. रोज वीस मिनिटं घरी पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर सोडायचा. टार्गेट लावायचंच नाही. आधी पिस्तूल उघडून नळी रिकामी बघायची, पेलेटचा डबा खोलीच्या बाहेर ठेवायचा, मग उभं राहायचं. श्वास घेत हात वर, सोडत खाली आणायचा, थोडा श्वास राखून थांबायचं आणि ट्रिगर असा सोडायचा की माशी खाचेत हललेली दिसू नये. आठ-दहा सेकंदात सुटला नाही तर हात खाली, परत सुरुवात. अडून बसून मारलेली गोळी कधीच चांगली जात नाही आणि हात खाली घेणं हा कमीपणा नाही, मोठ्या मॅचमध्ये बघ, किती वेळा खाली घेतात. ट्रिगर सुटल्यावर लगेच हात टाकायचा नाही, दोन सेकंद तसंच माशीकडं बघत राहायचं आणि स्वतःला विचारायचं की गोळी कुठं गेली असती. एअर पिस्तुलाला ड्राय फायरिंगची सोय असते त्यामुळं बिघडत नाही. पॉइंट टू टू वर मात्र रिकाम्या नळीवर ट्रिगर मारू नकोस, पिन थेट घराच्या कडेवर आपटते आणि दोन्ही खराब होतात, त्यासाठी प्लास्टिकचा प्लग मिळतो.

महिन्यानंतर पाच गोळ्यांचा एक गट कागदावर मार. जुना कागदी टार्गेट असला तर भोकं नीट बघ, मॅच पेलेटचं तोंड सपाट असतं म्हणून ते कागद पंचसारखा गोल कापतं, फाटत नाही, त्यामुळं गट किती जवळ आला ते स्वच्छ दिसतं. गट लहान होऊन एकाच जागी बाजूला पडला, तर मग साइट फिरव.

प्रश्न: रेंजवर पहिल्यांदा जाणार आहे. काय घालून जाऊ, काय नेऊ? चष्मा असला तर चालतो का? (शिक्षिका, ताराराणी चौक)

उत्तर: चष्मा चालतो, बऱ्याच चांगल्या नेमबाजांना आहे. सपाट तळाचे बूट, बंद गळ्याचा टी शर्ट, कारण पॉइंट टू टू च्या लेनवर गरम पितळी कवच उडून गळ्यातनं आत गेलं की माणूस हत्यार हातात असतानाच उड्या मारतो. कानाला इअर प्लग किंवा मफ. ओढणी, लांब झुमके नकोत.

आत गेल्यावर हत्यारांच्या नळीतनं भगव्या किंवा पिवळ्या रंगाची दोरी बाहेर आलेली दिसेल, ती सेफ्टी फ्लॅग. घर रिकामं आहे हे लांबनं कळावं म्हणून ती घालतात, सांगितल्याशिवाय ओढायची नाही. नळी कायम टार्गेटकडं, कुणी हाक मारली तरी हत्यारासकट वळायचं नाही, आधी ते टेबलावर ठेवायचं आणि मग वळायचं. बोट ट्रिगरच्या बाहेर, ट्रिगरभोवतीच्या कडीच्या वर सरळ. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड हे हुकूम इंग्रजीतच देतात, स्टॉप ऐकू आलं की बोट बाहेर, नेम किती का चांगला लागलेला असेना. पुढं कुणी टार्गेट बदलायला गेलं असेल तर हत्याराला हातच लावायचा नाही, फ्लॅग असला तरी. कुणी हत्यार हातात दिलं तर देणाऱ्यानं उघडून दाखवायचं आणि घेणाऱ्यानं परत बघायचं, तुम्ही नवीन आहात म्हणून संकोच करू नका, उघडून दाखवा असं प्रशिक्षकालासुद्धा म्हणा, चांगला प्रशिक्षक त्यानं खूशच होतो.

सोबत पाण्याची बाटली आणि साबण न्या. पेलेट आणि गोळ्या शिशाच्या असतात, हाताला काळं लागतं, हात गार पाण्यानं साबण लावून धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही आणि पोराच्या तोंडाला हात लावायचा नाही. रेंजवर घातलेले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, वेगळे भिजवा.